घरी शिकणाऱ्या मुलांसाठी प्रयोगशाळा खुली करावी

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

मुलांना शाळेतून काढून घरी शिकवणारे पालक कायदा मोडतात, आणि त्यातही धर्माचा अभ्यासक्रम घेऊन शिकवणारे त्यांना जगापासून तोडतात, असे मत वाचकपत्रांतून आणि गावच्या पारावरही वारंवार ऐकू येते. अचलपूर तालुक्यातील एका खेड्यात संत्र्याच्या बागेवर प्रपंच चालवणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबातील मी आई आहे. विज्ञानाची पदवी आणि बी.एड. झाल्यावर काही वर्षे मी शाळेत शिकवलेही आहे. माझा मुलगा आठवीपर्यंत शाळेत शिकला आणि त्यानंतर त्याचा अभ्यास आम्ही घरी, ख्रिस्ती अभ्यासक्रमाच्या आधारे घेत आहोत, म्हणून या विषयावर थोडे सविस्तर लिहिते.

आधी कायद्याची बाजू. 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने 6 ते 14 वर्षे वयाच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला आणि त्यांना शिक्षणाची संधी मिळवून देणे हे पालकांचे कर्तव्य ठरवले. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने मुलाला जवळच्या शाळेत दाखल करण्याची जबाबदारी पालकांवर टाकली, आणि ती आम्ही पार पाडली आहे. आठवी झाल्यावर आणि वयाची चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर दहावीपर्यंत जाण्यासाठी राज्य मंडळाचा 17 नंबरचा अर्ज, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसण्याचा अर्ज, आहे आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची परीक्षाही आहे. या दोन्ही वाटा सरकारनेच आखून दिलेल्या आहेत. सहा-सात वर्षांच्या लेकराला शाळेतून काढून घरी बसवावे, असे मात्र मी कोणालाही सुचवणार नाही. त्या वयात गावच्या जिल्हा परिषद शाळेत सगळ्या घरांतील मुलांच्या मांडीला मांडी लावून बसल्याने जे शिकायला मिळते, ते कोणत्याही आईला घरी देता येत नाही.

धर्माविषयीही स्पष्ट लिहिते. संपूर्णपणे सरकारी पैशातून चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येणार नाही, असे राज्यघटनेचे कलम 28 सांगते आणि ते योग्यच आहे, कारण ती शाळा सर्वांची असते. ते काम मग घराने आणि मंडळीने, म्हणजे चर्चने, करायचे उरते. आम्ही वापरतो तो अभ्यासक्रम अमेरिकेत तयार झालेला आहे. त्यात प्रत्येक विषयाच्या छोट्या पुस्तिका असतात. मुलाने स्वतः वाचायचे, उत्तरे लिहायची आणि उत्तरपुस्तिका घेऊन लाल पेनाने आपली आपणच तपासायची, आणि चाचणीत 80 टक्के गुण मिळाल्याशिवाय पुढची पुस्तिका हाती घ्यायची नाही. उद्या किती पाने करायची हे माझा मुलगा आदल्या रात्री स्वतः लिहून ठेवतो. उत्तरपुस्तिका समोरच्या फळीवर, हात पुरेल इतक्या जवळ असते आणि मी बहुतेक वेळा शेतात असते. तरी चुकलेल्या उत्तरावर तो लाल फुली मारतो आणि धडा पुन्हा वाचतो. सकाळी तारखेप्रमाणे बायबलमधील नीतिसूत्रे या पुस्तकाचा एक अध्याय वाचायचा, असा आमचा क्रम आहे. अध्याय 31 असल्यामुळे मोठ्या महिन्यात ते पुस्तक बरोबर पूर्ण होते. पंधराव्या वर्षी मुलाच्या अंगी हा प्रामाणिकपणा आणि ही शिस्त यावी, यासाठीच आम्ही हा मार्ग घेतला.

पण हाच अभ्यासक्रम जसाच्या तसा घेऊन चालत नाही, हे माझ्या ख्रिस्ती बंधुभगिनींना कळकळीने सांगावेसे वाटते. त्यातील गणितात गॅलन, पौंड आणि डॉलर आहेत, आणि आमच्या मुलाला फवारणीच्या पंपात किती लिटरला किती मिलिलिटर औषध टाकायचे, याचा हिशेब यायला हवा. त्यातील इतिहास तिकडच्या वसाहतींचा आहे. महात्मा फुले, पंजाबराव देशमुख आणि संत गाडगेबाबा त्यात सापडणार नाहीत. मराठीला तर जागाच नाही. ज्या मंडळीत ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजने म्हटली जातात, तिथल्या मुलाला मराठीत चार ओळींचा अर्ज लिहिता येऊ नये, यासारखे दुःख नाही. म्हणून मराठी, इतिहास आणि भूगोल आम्ही राज्य मंडळाच्याच पुस्तकांतून घेतो. दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागातील पहिलाच पाठ आनुवंशिकता व उत्क्रांती यांवर आहे, आणि परदेशी पुस्तिकेत उत्क्रांती नाकारलेली आहे. अनेक ख्रिस्ती पालक इथे अडखळतात आणि तो पाठ गाळतात. मी तो मुलाला ओळ न् ओळ शिकवला, पुरावे समजावून दिले आणि प्रश्न विचारू दिले. देवाने सृष्टी निर्माण केली ही आमची श्रद्धा एका पाठाने डळमळेल, अशी भीती मला वाटली नाही. 1883 पासून नागपुरात विदर्भातील सर्व धर्मांच्या मुलांना शिकवत आलेल्या हिस्लॉप महाविद्यालयाच्या भूमीत ख्रिस्ती शिक्षण म्हणजे झाकून ठेवलेले शिक्षण, असा समज रुजू नये.

सोबतीचा प्रश्न लोक सर्वाधिक विचारतात. मुलगा संध्याकाळी गावातल्या मुलांबरोबर कबड्डी खेळतो आणि पोळ्याला बैल सजवतो. त्याबद्दल मला चिंता नाही.

खरी अडचण प्रयोगांची आहे. हळदीच्या पाण्यात सोडा टाकला की ते लाल होते, हे स्वयंपाकघरात दाखवता येते. संत्र्याच्या कोवळ्या पानाच्या मागे काळ्या माशीची अंडी गोल वळणात घातलेली असतात आणि त्या माशीमुळेच पुढे झाडावर कोळशी, म्हणजे काळी बुरशी, येते, हे त्याने साध्या भिंगातून पाहिले आहे. परंतु सूक्ष्मदर्शक, विद्युतप्रवाह ओळखणारा गॅल्व्हानोमीटर आणि नीट मापे असलेली काचपात्रे घरात कुठून आणायची? विज्ञानाच्या 100 गुणांपैकी 20 गुण प्रात्यक्षिक व अंतर्गत मूल्यमापनाचे असतात आणि 17 नंबरचा अर्ज भरणाऱ्या मुलाला त्यासाठी संपर्क शाळेवर, म्हणजे ज्या शाळेमार्फत तो परीक्षेला बसतो तिच्यावर, अवलंबून राहावे लागते. आमच्या भागातील एका शाळेत मी सुटीच्या दिवशी प्रयोगशाळा वापरू देण्याची विनंती केली, फी भरण्याची तयारीही दाखवली, तेव्हा ‘बाहेरच्या मुलांसाठी तशी सोय नाही’ एवढेच उत्तर मिळाले. या अडचणीत आम्ही एकटे नाही. कापूस वेचणीसाठी वर्ग सोडावे लागलेल्या मुली आणि कामधंद्याला लागलेली पोरे हाच अर्ज भरतात, आणि प्रयोग न करता, नुसते पाठ करून परीक्षेला बसतात.

परदेशी अभ्यासक्रमाच्या प्रमाणपत्रावर विसंबून राहू नये, हेही पालकांनी लक्षात घ्यावे. आपल्या राज्यात तंत्रनिकेतनाचा प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो. माझ्या मुलाला पुढे अकोल्याच्या कृषी विद्यापीठात फळबागांचे शास्त्र शिकायचे आहे, आणि त्यासाठी दहावी व बारावी विज्ञान रीतसर उत्तीर्ण होणे भाग आहे.

म्हणून शिक्षण विभागाला विनंती आहे की, प्रत्येक तालुक्यातील किमान एका अनुदानित शाळेची प्रयोगशाळा बाहेरून परीक्षा देणाऱ्या मुलांसाठी आठवड्यातून एक दिवस खुली करावी, तिथे विज्ञान शिक्षकाची नेमणूक करून त्याचे मानधन द्यावे, आणि त्या शाळेचे नाव व वेळ गटशिक्षणाधिकारी कार्यालयाच्या फलकावर मराठीत लावावी. 17 नंबरच्या अर्जाची मुदत जाहीर होईल तेव्हाच ही सूचनाही निघाली, तर प्रयोगांसाठी मुलांच्या हाती पुरते महिने राहतील.

आपली विश्वासू,
एक पालक
(ता. अचलपूर, जि. अमरावती)