गोळ्या ज्याला खायच्यात त्याला विचारा की

संपादक साहेब, नमस्कार.

मानसिक आजाराच्या पेशंटला दवाखान्यात नेलं की डॉक्टर बोलतात कुणाशी ते बघा एकदा. झोपतो का हा, जेवतो का, चिडतो का, सगळं भावाला नायतर बायकोला विचारायचं, पेशंट आपला बाजूच्या स्टुलावर. मी बायपोलरचा (कधी मन लय उसळतं, कधी पार खचतं, त्या आजाराचा) पेशंट, सांगली मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात लिखापढी करतो, त्या स्टुलावर मीपण लय वर्षं बसलोय.

घरच्यांना विचारूच नका असं नाही म्हणत, आजार उसळतो तेव्हा आपलं आपल्याला कळत नसतं हे खरंय. पण बाकीच्या दिवसांत तर कळतं ना? लिथियम या गोळीनं माझा हात थरथरायचा, हिशोबाची पट्टी लिहिताना आकडे वाकडे यायचे, घरी ते कुणाला दिसणार! शेवटी एका डॉक्टरनी मलाच विचारलं, रक्तातली लिथियमची लेव्हल काढली, डोस कमी केला, वर उन्हाळ्यात पाणी कमी पडलं तर लेव्हल वाढते हेपण नीट सांगितलं, तेव्हापासून गोळी मी माझ्या हातानं घेतो.

सगळ्यात वाईट म्हणजे गोळ्यांची पूड करून चहातनं, आमटीतनं देणं. काळजीपोटीच करतात, मान्य. पण ज्याला आधीच वाटतंय की माझ्या जेवणात कायतरी कालवतायत, त्याच्या ताटात तुम्ही खरंच कालवताय, म्हणजे त्याचा संशय खराच झाला की ओ! एकदा कळलं की तो घरचं पाणीपण प्यायचा नाही.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मे २०१८ पासून लागू आहे. त्यात बरं असताना लिहून ठेवता येतं की पुन्हा आजारी पडलो तर कुठले उपचार चालतील, कुठले नकोत (इमर्जन्सीत ते लागू नाही). आपल्या बाजूनं बोलायला माणूस नेमता येतो, साध्या कागदावर, सही नायतर अंगठा. भूल न देता उपचाराचा विजेचा शॉक द्यायला तर बंदीच आहे. हे ओपीडीबाहेर मराठीत मोठ्या अक्षरात लावायला काय हरकत आहे, सरकारी असो नायतर खाजगी? फुकट कायदेशीर मदतीचा हक्कपण त्याच कायद्यात आहे, तेव्हा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणानं महिन्यातनं एखादा दिवस ओपीडीत वकील बसवावा, लय जणांना हे कागद स्वतः लिहायला जमणार नाहीत.

एक वाचक, सांगली