दाढ, डिसेंबर आणि साखरपुडा

एडिसन, न्यू जर्सी
9 डिसेंबर 2025

ती. बाबा व ती. सौ. आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर बोलणे अर्धवट राहिले आणि आईचा आवाज उतरलेला जाणवला, म्हणून सविस्तर लिहिते आहे. दाढेचा ठणका पूर्ण थांबला आहे. डॉक्टरांनी ती उघडून आत औषध भरले आहे, सूज उतरली आहे आणि मी डाव्या बाजूने व्यवस्थित जेवते. रूट कॅनालची शेवटची बैठक 29 तारखेला आहे, आणि 28 ला समीरचा साखरपुडा असल्यामुळे मला येता येणार नाही. हे फोनवर नीट सांगता आले नाही.

आई, "दाताच्या कामासाठी वर्ष संपायची कसली घाई?" असे तू विचारलेस. इथली पद्धत आपल्याला पटकन उमगणारी नाही. इथे दात शरीराच्या बाहेर असल्यासारखे धरतात. हृदयापासून गुडघ्यापर्यंतचा आजार एका विम्यात आणि दात दुसऱ्याच विम्यात. 1840 मध्ये बाल्टिमोरला दंतवैद्यकाचे स्वतंत्र महाविद्यालय निघाले, तेव्हापासून ही दोन शिक्षणे वेगळी चालत आली आणि पुढे विमेही वेगळेच निघाले. दातांच्या विम्याचा हप्ता माझ्या पगारातून दरमहा कापला जातो, पण विमा कंपनी वर्षभरात जास्तीत जास्त दीड हजार डॉलरच देते. त्यातले जे वापरले नाही ते 31 डिसेंबरला बुडते, पुढच्या वर्षात जमा होत नाही. त्यामुळे नोव्हेंबर लागला की दवाखान्यांतून "तुमची रक्कम शिल्लक आहे" असे निरोप येऊ लागतात आणि डिसेंबरात तपासणीच्या खुर्च्या भरून जातात. मला 29 च्या आधीची वेळ मिळाली नाही ती याच गर्दीमुळे. विमा कंपनी पैसे देते ते काम पूर्ण झाल्याच्या तारखेवर, त्यामुळे बैठक जानेवारीत ढकलली असती तर यंदाचे पैसे गेलेच असते.

बाबा, तुम्हाला आकडे लागतात म्हणून देते. दवाखान्यातल्या बाईंनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवून एकेक ओळ समजावून सांगितली. दातांची सफाई आणि तपासणी यांचा सगळा खर्च विमा देतो, रूट कॅनालचा ऐंशी टक्के आणि कॅपचा निम्मा. मात्र वर्षातले पहिले पन्नास डॉलर आपण भरायचे. सफाईचे अडीचशे वजा जाता माझे साडेबाराशे शिल्लक होते. रूट कॅनालचे बिल बाराशे, त्यातले आपले पन्नास सोडून उरलेल्याचे ऐंशी टक्के, म्हणजे नऊशे वीस, विमा देईल आणि त्या साडेबाराशेतले उरतील तीनशे तीस. चौदाशेची कॅपही याच महिन्यात बसवली तर तेवढेच तीनशे तीस मिळतील. जानेवारीत नवे दीड हजार उघडल्यावर बसवली, तर पुन्हा पन्नास भरूनही सहाशे पंच्याहत्तर मिळतील. म्हणजे काही आठवड्यांच्या अंतराने सुमारे तीस हजार रुपये वाचतात. तोपर्यंत दाढेवर पक्के फिलिंग राहील आणि त्या बाजूने कडक काही चावायचे नाही, एवढेच पथ्य आहे.

साताऱ्यात हे सगळे याच्या काही अंश खर्चात झाले असते, हे आईचे म्हणणे अगदी खरे आहे. पण ठणकणारी दाढ घेऊन इतका लांबचा विमानप्रवास मला करायचा नव्हता, डिसेंबरातले तिकीट वाचलेल्या पैशांच्या कितीतरी वर गेले असते आणि साखरपुड्याच्या घरात मी तोंड धरून बसले असते तर तुम्हा दोघांचेच लक्ष लागले नसते. पैशांच्या हव्यासापायी मी भावाचा साखरपुडा टाळला, असे कृपा करून मनात आणू नका. वर्षभर हप्ता भरलेली रक्कम उपचार अर्धे सोडून वाया घालवणे मला योग्य वाटले नाही. 28 तारखेला माझ्याकडे पहाट असेल, तरी मी व्हिडिओवर पूर्ण वेळ हजर राहीन. अंगठी घालताना कोणीतरी मोबाईल जवळ नेऊन धरावा, एवढी व्यवस्था करा. नव्या सुनेला माझ्याकडून जी साडी द्यायची आहे ती आईने स्वतः निवडावी.

माझी उरलेली सगळी रजा फेब्रुवारीतल्या लग्नासाठी राखून ठेवली आहे आणि कॅपचे काम उरकूनच निघेन. माझ्या स्वतःच्या लग्नाबद्दल मावशींनी पाठवलेली माहिती मी वाचली आहे. त्या मुलाशी बोलायला माझी हरकत नाही, पण समीरचे कार्य निर्विघ्न पार पडू द्या.

बाबांच्या खात्यात दीड लाख रुपये पाठवले आहेत. लाखभर मंगल कार्यालयाच्या अनामतीसाठी आहेत आणि उरलेले बाबांच्या दातांसाठी. तुमच्या आरोग्य विम्यात दातांचा खर्च बसत नाही आणि मधुमेहात हिरड्या लवकर बिघडतात, म्हणून हे पैसे माझ्या नावाच्या ठेवीत टाकू नका. लग्नाच्या धावपळीआधी, याच महिन्यात, दंतवैद्याची वेळ घ्या आणि ती तारीख मला कळवा.

तुमची,
शुभदा