एका ‘ओव्हर’ नटाची बाजू

सोलापूर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

‘कॉन्स्पिरसी थिअरी’ आपल्या मंडळींना दाखवू नये, त्यात मेल गिब्सन अडीच तास नुसते डोळे फिरवतो, म्हणजे ‘ओव्हर’ अभिनय करतो, असं तू लिहिलंस. अडीच नाही रे, सव्वादोन. आणि त्यातला सुरुवातीचा बराच वेळ डोळे फिरवणं हेच त्याचं काम आहे. मे महिन्यात इकडे येशील तेव्हा नंतरची चर्चा तुलाच चालवायची आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

1997 चा चित्रपट, दिग्दर्शक रिचर्ड डॉनर. लेखक ब्रायन हेल्गलँड. त्याच वर्षीच्या ‘एल. ए. कॉन्फिडेन्शियल’च्या पटकथेसाठी त्याला ऑस्कर विभागून मिळालं. म्हणजे हात कच्चा नव्हता. तरी पटकथा मधेच बसते, आणि खापर फुटतं नटाच्या डोक्यावर. माझं भांडण एवढंच आहे.

सुरुवात पाहा. जेरी फ्लेचर न्यूयॉर्कचा टॅक्सीवाला, जो बसेल त्याला कटकारस्थानं ऐकवतो. गिब्सन एक वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू करतो, त्यामुळे पहिलं खरं की खोटं हे ठरवायला आपल्याला उसंतच मिळत नाही. व्हिएतनाम युद्ध हॉवर्ड ह्यूज आणि ओनॅसिस या दोन धनाढ्यांच्या पैजेतून झालं, असलं काही तो बाजारभाव सांगावा तसं सांगतो. मग त्याचं घर. फ्रीजला कुलूप, आतल्या डब्यांनाही कुलपं, दाराच्या मुठीवर बाटली, म्हणजे कुणी मूठ हलवली की ती पडून आवाज होणार. इथं त्याचे डोळे पाहू नकोस, हात पाहा. कुलपं रोजच्या सवयीनं उघडली जातात, त्यात कसलाही आव नाही. वरच्या पट्टीतल्या बोलण्याला हा सपाट हात तोलून धरतो.

जेरीला खुर्चीला बांधून त्याच्या पापण्या चिकटपट्टीनं ताणून धरल्यात, तो प्रसंग तुला सगळ्यात भडक वाटला. पण तिथं चेहऱ्याला वावच नाही. उरतो फक्त आवाज. तो टिपेला नाही जायचा तर काय करायचा? त्याच्यासमोर पॅट्रिक स्टुअर्टचा डॉ. जोनास, म्हणजे त्याचा छळ करणारा खलनायक, खालच्या आवाजात, दवाखान्यात बोलावं तसा बोलतो. दोघंही किंचाळले असते तर प्रसंग गेला असता. जेरी त्याच्या नाकाचा चावा घेतो आणि पुढं स्टुअर्ट नाकावर पट्टी लावून तितक्याच गंभीरपणे वावरतो, हा विनोद मला फार आवडतो.

त्यानंतरचा रुग्णालयातला तुकडा गिब्सनचा सर्वांत चांगला. पलंगाला बेडी, औषधाची गुंगी, आवाज जेमतेम. ‘शेजारच्या माणसाचा तक्ता माझ्या पलंगाला लाव, नाहीतर सकाळपर्यंत मी मेलेला असेन,’ असं तो सरकारी वकील असलेल्या अ‍ॅलिसला विनवतो. सकाळी शेजारचा मेलेला असतो. या एका प्रसंगाच्या जोरावर चित्रपट पुढचा अर्धा तास ओढतो.

बिघडतं ते इथून पुढं. जेरीचं म्हणणं खरं ठरलं की तो वेडा आहे की शहाणा हा प्रश्नच संपतो. गिब्सनची पट्टी मात्र तीच राहते, कारण पटकथेनं त्याला दुसरी दिलेलीच नाही. त्यात प्रेमकथा! रात्री रस्त्यापलीकडून बाईच्या खिडकीत दुर्बिणीनं पाहणारा माणूस गोड वाटावा अशी अपेक्षा आहे. अ‍ॅलिस झालेली ज्युलिया रॉबर्ट्स उत्तर देण्याआधी थोडं थांबते, आणि त्या थांबण्यावरच दोघांचे बरेच प्रसंग तगतात.

आपल्या गावाचं म्हणशील तर इथं तेलुगू सिनेमावर पिढ्या वाढल्यात. मोठा अभिनय कुणाला खुपणार नाही. खुपेल तो उत्तरार्धाचा ढिलेपणा.

चित्रपटाआधी दोन मिनिटं बोल. सॅलिंजरची ‘द कॅचर इन द राय’ ही 1951 ची कादंबरी, आणि डिसेंबर 1980 मध्ये बीटल्सचा गायक जॉन लेननला मारणाऱ्याकडे ती सापडली होती, एवढं सांग. नाहीतर जेरी पुस्तकाच्या दुकानात ती विकत घेतो आणि लगेच त्याचा माग निघतो, हे कुणाला कळणार नाही. नंतर ‘हे असलं खरं होतं का?’ असं कुणीतरी विचारेलच. चित्रपटात ज्याचा उल्लेख येतो ते एमके-अल्ट्रा, म्हणजे माणसाचं मन ताब्यात घेण्याचे अमेरिकी गुप्तहेर संस्थेचे (सीआयएचे) छुपे प्रयोग, खरं होतं: 1953 मध्ये सीआयएचा प्रमुख अ‍ॅलन डलेस यानं मंजुरी दिली, नकळत लोकांना एलएसडी हे भ्रम निर्माण करणारं रसायन दिलं गेलं, 1973 मध्ये रिचर्ड हेल्म्सच्या हुकमानं बहुतेक कागद नष्ट झाले, 1975 मध्ये सिनेटच्या चर्च समितीपुढं प्रकरण आलं आणि 1977 मध्ये वाचलेल्या कागदांवर सिनेटमध्ये सुनावणी झाली. चित्रपटात जेरीला बनवू पाहतात तसे हुकमी मारेकरी तयार झाल्याचा मात्र पुरावा नाही. ती चित्रपटाची भर.

आता यंत्राचं. मे महिन्यात पंखे पूर्ण वेगात असणार आणि गिब्सन भरभर बोलतो, तेव्हा इंग्रजी सबटायटल हवीतच. फाइल सेकंदाला 24 फ्रेमची आणि सबटायटल 25 ची असतील तर चार टक्के फरक पडतो. शेवटाला पाच मिनिटांहून जास्त चुकतं. तो फरक व्हीएलसी या प्लेअरमध्ये जी आणि एच दाबून जात नाही, त्या कळा नुसतं मागंपुढं सरकवतात. सुरुवातीचं आणि शेवटचं वाक्य आदल्या दिवशी जुळवून बघ. आवाज 5.1, म्हणजे सहा स्पीकरांसाठी केलेला, असेल तर संवाद मधल्या स्पीकरवर असतात, आणि आपल्याकडे दोनच स्पीकर आहेत. म्हणून आउटपुट स्टीरिओवर ठेव, नाहीतर हाणामारी दणदणीत आणि बोलणं गायब. चित्राची रुंदी उंचीच्या 2.39 पट आहे. आठ फुटी पडद्यावर उंची जेमतेम सव्वातीन फूट भरते, वर-खाली काळ्या पट्ट्या येतात. त्या घालवायला कुणी चित्र ताणलं तर हात धर. गिब्सनचा चेहरा आधीच पुरेसा ताणलेला आहे.

मध्यांतर घर पेटवून दोघं निसटतात तिथं घे. रुग्णालयाच्या प्रसंगानंतर लगेच घेऊ नकोस, तिथली ओढ चहात विरघळते. शेवट कबरीपाशीच व्हायला हवा होता, असं माझं मत. पुढं घोडा आणि टोपीला लावायचा बिल्ला येतो तो प्रेक्षकांना खूश करून घरी पाठवायला. चर्चेत यावर भांडण लागू दे, मी मधे पडणार नाही.

येताना एचडीएमआयची दहा मीटरची केबल आण. इथली पाच मीटरची प्रोजेक्टरपर्यंत पोचत नाही.

तुझा,
सोलापूरकर