सही करण्याआधी

चिपळूण, रविवार

चि. बाबूस अनेक आशीर्वाद,

काल फोन आधी तू ठेवलास की मी, ते आठवत नाही. झोप लागली नाही म्हणून लिहायला बसले. कर्जाचा विषय काढायचा नाही असं ठरवलंय.

तुझा घरदुरुस्तीच्या खर्चाचा कागद शेजारच्या पोरीकडून छापून घेतला आणि तीनदा वाचला. कौलांपासून नळाच्या तोटीपर्यंत खोलीवार मांडलंयस. वाण्याच्या वहीची बेरीज करायला सांगितली की पळून जायचास तू! ऊर भरून आला रे.

पण तुझ्या 11 लाख 40 हजारांत राडारोडा उचलण्याचे पैसे धरलेले नाहीत. वायरिंगपुढे ‘जुनंच चालेल’ लिहिलंयस. 22 जुलै 2021 ला सगळे बोर्ड पाण्याखाली होते, विसरलास? ते बदल, आणि पाणी चढलं होतं त्या खुणेच्या वर घे. वाळवीने किती वासे पोखरलेत ते तर कौलं उतरवल्याशिवाय मिस्त्रीलासुद्धा कळायचं नाही. म्हणून शंभरामागे पंधरा बाजूला ठेव. 1 लाख 71 हजार होतात. ते आपल्याकडे नाहीतच असं समजून चाल. न्हाणीत लाद्या बसवण्याआधी पाणी कोंडून दोन दिवस ठेवायला लाव. मिस्त्रीला पैसे तारखेवर देऊ नकोस, झालेल्या कामावर दे, आणि शेवटचा हप्ता पहिला मोठा पाऊस पडून गेल्यावर.

शिकवायलाच लागले बघ. तुला हे कळत नाही असं नाही. रागावू नकोस.

ही न्हाणी 1998 साली बांधली, तेव्हा बाबांनी पतपेढीतून पैसे काढले होते. माझ्या पाटल्या गेल्या, त्याचं मला कधी काही वाटलं नाही. पण शाळेच्या सहलीचे पन्नास रुपये मागायला तू दारात उभा राहिलास आणि बाबा तुझ्याकडे पाठ करून चपला शोधत राहिले. चपला त्यांच्या पायातच होत्या. ते अजून डोळ्यांपुढून जात नाही.

सहा लाखांचं पर्सनल लोन, 14 टक्क्यांनी, पाच वर्षं. मी कागदावर मांडून पाहिलं. महिन्याला जवळजवळ 14 हजार, आणि फेडायचे 8 लाख 37 हजार. सूनबाईला सातवा महिना लागलाय, तुझ्या कंपनीतून माणसं कमी करतायत हे तूच बोललास. घराचं कर्ज आहे त्याच बँकेत दुरुस्तीसाठी वेगळं कर्ज मिळतं, व्याज बरंच कमी असतं. निदान विचारून तरी ये.

आणि कमोड माझ्या गुडघ्यांसाठी ना? मग छप्पर, वायरिंग आणि न्हाणी एवढंच यंदा करू, मृग लागायच्या आत. फरशी, ओटा, कपाटं पुढच्या वर्षी. जुन्या ओट्यावर माझं काही अडत नाही. बाबा असते तर तुझ्या बाजूने बोलले असते, ते मला ठाऊक आहे.

मिस्त्री शनिवारी माप घ्यायला येतोय. पैशांचं मी काही बोलणार नाही, तू येऊन बोल. घावनाचं पीठ भिजवून ठेवते.

तुझी आई

ता. क. कर्जाच्या कागदावर सही केली नाहीस ना? तेवढं कळव.