जालन्याला उतरलेल्या पोरास

बाळा,

तुझं नाव विचारायचं राहिलं. छत्तीस वर्षं शाळेत हजेरी घेतलेल्या मास्तरकडून अशी चूक व्हावी, हे आमच्या हिला अजून पटत नाही. म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहितोय.

२०२५ चा फेब्रुवारी. तपोवन एक्सप्रेस. मी परभणीला चढलो, तू नांदेडपासून खिडकी धरून बसलेला. माझ्या हातात लॅपटॉपचं रंगीत पत्रक होतं आणि तू ते तिरक्या नजरेनं वाचत होतास. शेवटी न राहवून म्हणालास, "काका, नातवाला घ्यायलेत का?" मी म्हणालो, मलाच. विमान उडवायचंय, त्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या विमानाच्या खेळात. तू हसला नाहीस. पहिला उपकार तिथंच झाला, कारण आमच्या गल्लीत झाडून सगळे हसले होते.

मी संभाजीनगरच्या एका दुकानात पाच हजार ॲडव्हान्स देऊन बसलो होतो. पाटीसारखा पातळ लॅपटॉप, आत आरटीएक्स ४०७० नावाचं, पडद्यावरची चित्रं काढणारं ग्राफिक्स कार्ड, किंमत एक लाख बत्तीस हजार. तू पहिलाच प्रश्न विचारलास, "वॅट किती?" मला वाटलं, हा लाइटबिलाची काळजी करतोय. मग मानवत रोडपासून सेलूपर्यंत तू मला एवढंच समजावलंस की लॅपटॉपमधल्या ग्राफिक्स कार्डाचं नाव एक असलं तरी त्याला वीज किती पाजायची ते लॅपटॉप बनवणारा ठरवतो. तेच ४०७० कुठं ३५ वॅटवर चालतं, कुठं ११५ वर. पत्रकात तो आकडा नव्हताच. तू मोबाइलवर कंपनीचं पान उघडून शोधलास, तर ६० निघाला. "बैल देवणी आहे काका, पण वैरण अर्धीच टाकायलेत." हे वाक्य मी आजवर निदान वीस जणांना ऐकवलंय, आणि दरवेळी ते तुझं आहे असं सांगतो.

वर तू हेही दाखवलंस की लॅपटॉपच्या ४०६० आणि ४०७० या दोन्हींत व्हिडिओ मेमरी सारखीच, आठ जीबी. मग वरचे पैसे कशाचे? शिवाय त्या पातळ मशीनमध्ये १६ जीबी रॅम बोर्डालाच झाळलेली, वाढवायला जागा नाही. मायक्रोसॉफ्टच्या २०२४ वाल्या सिम्युलेटरला किमान १६ लागते आणि त्यांची स्वतःची शिफारस ३२ ची आहे. म्हणजे घेतल्या दिवशीच मी काठावर उभा.

प्रोसेसरबद्दल माझी समजूत अशी की त्यात जितके कोअर, म्हणजे काम करणारे हात, जास्त, तितकं विमान जोरात. सेलू गेल्यावर मी धपाटे सोडले, तेव्हा तू शेंगदाण्याची चटणी बोटानं पुसत सांगितलंस, की पंगतीत वाढपी पन्नास असले तरी भट्टीवर आचारी एकच असतो. सिम्युलेटरचं बरंचसं काम एका मुख्य थ्रेडवर, म्हणजे कामाच्या एकाच रांगेत, अडकतं. तो आचारी चपळ पाहिजे. वाढपी वाढवून भाजी लवकर शिजत नाही. परतूर येईस्तोवर मी लग्नपत्रिकेच्या पाठीवर सगळं उतरवून घेतलं, तुझ्याच पेनानं. जालन्याला तू उतरलास. मी हात केला, पण तू पाठमोरा होतास.

पुढचं थोडक्यात सांगतो. पहिल्या दुकानदारानं ॲडव्हान्स परत दिला नाही, त्या बदल्यात एक बॅग आणि माउस गळ्यात मारला. बॅग चांगली आहे, दळण आणायला नेतो. दुसऱ्या दुकानात मी "वॅट किती?" असं विचारल्यावर तिथला पोरगा खुर्चीवरून उठून उभा राहिला. ४०६० घेतला, ११५ वॅटचा, वीट म्हणावी असा जाड, एक लाख आठ हजाराला. रॅमचा एक स्लॉट रिकामा होता, त्यात आणखी एक १६ जीबीची पट्टी टाकून ३२ केली. तरी पैसे उरले, त्यात जॉयस्टिक आली.

तू न सांगितलेलं एकच, आणि ते मे महिन्यानं शिकवलं. आमच्याकडं पारा त्रेचाळीसला टेकला की खोलीतली हवाच तापलेली, पंखे बिचारे तीच आत ओढणार. लॅपटॉप कढईसारखा तापून स्वतःच वेग कमी करायचा आणि विमान हिसके खायचं. मागून दोन इंच उचलून ठेवला, कापसाच्या तुसानं भरलेल्या जाळ्या साफ करून घेतल्या आणि सेकंदाला ३० फ्रेमची, म्हणजे ३० चित्रांची, मर्यादा घातली. विमान उडवायला ३० पुरतात. आपल्याला काय गोळ्या चुकवायच्यात? रात्री दहानंतर बसतो, तेव्हा बरं चालतं. लाइट गेली की मात्र सगळं मुसळ केरात. बॅटरीवर कार्डाला पूर्ण वीज मिळत नाही, आणि राउटर बंद पडला की जमिनीचं चित्रही येईनासं होतं, कारण ते इंटरनेटवरूनच उतरत असतं. एकदा मी पैठणवर होतो आणि खाली नाथसागराऐवजी नुसती शेवाळलेली गोधडी.

पण चालतं तेव्हा काय सांगू! संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावरून सेसना १७२ हे छोटं विमान घेऊन उडतो, उजवीकडं वळून पैठण गाठतो आणि मग गोदावरी धरून नांदेडपर्यंत. दीडएक तास लागतो. मध्ये नदी सोडून थोडं डावीकडं गेलं की आमची परभणी. जिथं अजून प्रवासी विमानतळ नाही त्या गावावरून मी रोज विमान नेतो, आणि ही स्वयंपाकघरातून विचारते, "उतरलात का? भाकरी थंड व्हायली."

मुंबईत उतरताना अजून अडखळतं. त्या इमारतींच्या गर्दीत आचाऱ्याला घाम फुटतो. फ्रेम मोजायची पट्टी उघडली की तिथं मेनथ्रेडचंच नाव येतं. तू म्हणाला होतास की अशा वेळी रिझोल्यूशनला, म्हणजे पडद्यावरच्या ठिपक्यांच्या संख्येला, हात लावू नका, आधी टेरेनचा, म्हणजे जमिनीचा, डिटेल खाली आणा. तसं केलं, सुधारलं. धावपट्टीवर आपटायचं ते आपटतोच, पण तो दोष आता हार्डवेअरचा नाही.

तुझं पेन माझ्याकडंच राहिलंय. निळं, टोपणावर दातांच्या खुणा असलेलं. हे वाचून ओळख पटली तर सांग, कोणत्या गाडीनं जाणार आहेस. परभणी स्टेशनावर पेन आणि धपाटे दोन्ही घेऊन उभा राहतो. चटणी या वेळी जरा जास्त आणीन.

तुझा,
समोरच्या बाकावरचे काका