हक्कसोड आणि एक साडी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

महिला दिनाच्या तुमच्या पुरवणीत बायका विमान चालवतात, फौजदार होतात असं बरंच वाचलं, छान वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्यात सातबाऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या कागदावर, बायकांचं नाव असण्याबद्दल एक ओळ नव्हती म्हणून हे पत्र.

आम्ही तीन बहिणी, एक भाऊ. वडील २००८ ला गेले. तलाठ्याकडे वारस नोंद झाली, त्यात आमची नावं लागली आणि वर्षाच्या आत भावाने गाडी करून आम्हा तिघींना दुय्यम निबंधक कार्यालयात नेलं, अंगठे, फोटो, सह्या, अर्ध्या तासात हक्कसोडपत्र झालं, म्हणजे आमचा वाटा भावाला सोडल्याचा कागद. नंतर हॉटेलात जेवण आणि प्रत्येकीला एक साडी. जमीन किती, ओलिताखालची किती, आज भाव काय, हे ना कोणी सांगितलं ना आम्ही विचारलं. विचारलं असतं तर माहेर तुटलं असतं. हे वाक्य आम्हाला कोणी बोलून दाखवलं नव्हतं हं, ते आधीच डोक्यात होतं.

गंमत म्हणजे कायदा कधीच आमच्या बाजूला आला होता. महाराष्ट्राने १९९४ सालीच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला, केंद्राच्या ११ वर्षं आधी, फक्त २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्यांना वगळून. माझं लग्न त्याच वर्षी मे महिन्यात, म्हणजे महिन्याभराने हुकलं, धाकटीला मात्र मिळालं! मग २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीत लग्नाची अट गेली आणि २०२० ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा हक्क जन्मापासूनचा आहे, ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असायलाच हवेत असं काही नाही. पण २००५ च्या कायद्याला दहा वर्षं होऊनही २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या शेतजमिनीच्या खातेदारांत बायका १४ टक्क्यांच्या आसपासच. शेतात खुरपायला, कांदा काढायला किती असतात ते मोजायला सरकार कशाला पाहिजे, बांधावर उभं राहिलं तरी कळतं.

माझी मधली बहीण ग्रामपंचायत सदस्य होती, अर्ध्या जागा बायकांना आहेत त्यातून निवडून आली, गावाच्या ठरावांवर सही करायची आणि तिनेच स्वतःच्या वाट्यावर पाणी सोडलं. घर घेताना मुद्रांक शुल्कात १ टक्का वाचतो म्हणून बायकोचं नाव लावणारे खूप बघितले. तेच लोक बहिणीच्या नावाला मात्र बिचकतात.

लग्नात खर्च केला ना, हुंडा दिला ना, असं म्हणतात. अहो हुंडा १९६१ पासून गुन्हा आहे, तो हिशोबात कसा धरता? आणि तो गेला सासरच्यांच्या हातात, आम्हाला काय मिळालं. जमिनीचे तुकडे होतात हेही ऐकलंय, ते चार भावांत वाटताना होत नाहीत बहुतेक.

आता माझंही सांगते, नाहीतर सगळा दोष भावावर टाकल्यासारखं होईल. माझ्या नणंदेने आमच्यासाठी अशीच सही दिलीय आणि तिची साडी मीच पसंत केली होती, मोरपंखी. तेव्हा मला एकदाही वाटलं नाही की आपण काही चुकीचं करतोय. मागच्या महिन्यात ह्यांच्याकडे विषय काढला की तिला काहीतरी देऊया, तर म्हणाले बघू. बघू म्हणजे काय ते तुम्हालाही माहिती आहे.

हक्कसोड कायद्याने बंद करा असं माझं म्हणणं नाही, मनापासून सोडणाऱ्याही असतात. पण सही घ्यायच्या आधी अधिकाऱ्याने बहिणीला भावाविना पाच मिनिटं वेगळं बसवावं, तिच्या वाट्याचं क्षेत्र आणि सरकारी दराने होणारी किंमत वाचून दाखवावी आणि मगच सही घ्यावी. आणि तुमच्या पेपरात कायद्याचा सल्ला येतो त्यात सहीआधी कुठले कागद मागायचे ते एकदा साध्या भाषेत छापा. दिवाळीच्या आधी छापलंत तर बरं, कारण भाऊबीजेला सगळ्या बहिणी एकाच ठिकाणी सापडतात आणि पुढच्या सोमवारी ऑफिस उघडतं.

आपली,
एक वाचक, सातारा जिल्हा