पाळणाघराच्या आज्यांसाठी २६ जुलैला जरूर या

सर्व सभासदांना येशू सहाय. २६ जुलैला संत अ‍ॅनचा सण, म्हणजे मरियामाऊलीच्या आईचा. त्या दिवशी चर्चमधली मिस्सा (उपासना) झाल्यावर कॅम्पातल्या पाळणाघरात आपल्या दोन्ही आज्यांची आठवण करायची आहे. उद्यमबागेतल्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्या बायांची पोरं त्यांनी आधी स्वतःच्या पडवीत सांभाळली. एका हातात रोझरी (जपमाळ), दुसऱ्या हातात पाळण्याची दोरी. नाचणीची आंबील निवेपर्यंत ओठांवर प्रार्थना चालूच. पैसे कधी मागितले नाहीत.

बायबलमध्ये संत पौलाने आपला शिष्य तीमथ्य याला लिहिताना त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांचा विश्वास आठवला, तो उतारा नातवंडं वाचतील. कुणाकडे आज्यांचे फोटो असतील तर २४ तारखेपर्यंत आणून द्यावेत, फाटके असले तरी चालतील. हार आणू नका, बाळांसाठी दुपटी आणा.